झोडणीच्या दिवसांतली चिठ्ठी

कल्याण-शीळ रस्त्यावर पेंढ्याने भरलेले टेम्पो दिसायला लागले की मी समजते, खडवलीकडे झोडणी सुरू झाली. टेम्पो स्वतःच्या दुप्पट रुंदीचा पेंढा अंगावर घेऊन डुलत चाललेला असतो. मागच्या रिक्षावाल्याला पुढचं काही दिसत नाही, तो शिव्या घालतो, आणि सुटलेल्या काड्या उडत येऊन माझ्या चष्म्याला लागतात. दसरा झालेला असतो, दिवाळी यायची असते. ऊन टाळू फोडत असतं. आणि माझ्या कानात तो आवाज सुरू होतो. धप्प. थोडं थांबून पुन्हा धप्प.

ज्यांनी झोडणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कापलेल्या भाताची पेंडी दोन्ही हातांनी घट्ट धरायची, डोक्याच्या वर न्यायची आणि तिरक्या ठेवलेल्या फळीवर सगळ्या ताकदीने आपटायची. दाणे सुटतात, उडतात, अंगावर येतात. पुन्हा उचलायची, पुन्हा आपटायची. खळ्यावर चार-पाच जणी ओळीने उभ्या असतात. लांबून ऐकलं तर वाटतं, कोणीतरी कोणाला तरी मारतंय आणि मार खाणारा ओरडत नाही.

आता यंत्रं आली आहेत. तरी काही खळ्यांवर फळी आहे. मी सांगते आहे त्या वर्षीही होती.

मी नोकरीने स्टोअरकीपर. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं भांडार सांभाळते. नट किती, बोल्ट किती, हातमोज्यांच्या जोड्या किती, कोणी नेल्या, कधी नेल्या, सही कुठे आहे. घरीही माझ्या याद्या असतात. फ्रिजवर, कपाटाच्या आत, पर्सच्या कप्प्यात. नवरा म्हणतो, ‘तुझ्या यादीत नाव नसलेला माणूस या घरात जेवू शकत नाही.’ अशा बाईला शब्दकोशाच्या कामात कोणी ओढलं तर ती जाणारच. मी गेले.

हा कोश म्हणजे नुसते शब्द आणि अर्थ नव्हेत. प्रत्येक शब्द कुठे सापडला, केव्हा सापडला, कोण म्हणालं आणि कोणत्या वाक्यात म्हणालं, हे सगळं त्यात येतं. एका माणसाच्या आयुष्यात हे काम होत नाही. म्हणून माणसं गोळा केलेली. निवृत्त शिक्षिका, बँकेतले कारकून, एक परिचारिका, एक पोस्टमन. काही जण जुनी पत्रं, दस्त, वह्या वाचून त्यातली वाक्यं उतरवून काढत. काही जण गावोगाव जाऊन जिवंत माणसांच्या तोंडून वेचत. ठाण्याला टेंभी नाक्यामागे एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्या होत्या. तिथे भिंतभर लाकडी खण आणि खणांत चिठ्ठ्या. नवरात्रात नाक्यावरचे भोंगे सुरू झाले की खण थरथरत.

चिठ्ठीचे नियम संपादक गुप्ते सरांचे. सर सत्तरीचे, बारीक, आवाज न चढवणारे. वर शब्द, खाली अर्थ, मग बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं, मग बोलणाऱ्याचं नाव, वय, गाव, तारीख आणि वेचणाऱ्याची सही. एक जरी रकाना रिकामा राहिला तरी चिठ्ठी परत. ‘नाव नाही तर नोंद नाही,’ सर म्हणत. मला हा नियम फार आवडला होता. मी त्यात माझा एक जोडला. खाली कार्बन ठेवून दुसरी प्रत. मूळ प्रत ठाण्याला, दुसरी माझ्या घरी बिस्किटांच्या डब्यात. भांडारात आम्ही तसंच करतो.

विषय वाटून दिले तेव्हा माझ्या वाट्याला आली मारहाण.

‘सर, मला भाज्या द्या ना,’ मी म्हणाले.

‘भाज्या परांजपेबाईंना दिल्या. त्यांच्याच्याने माशी मारवत नाही.’

‘आणि माझ्याच्याने मारवतं?’

‘तुम्ही मोजून आणाल,’ सर म्हणाले.

मी वहीत तीन रकाने पाडले. हाताने, पायाने, वस्तूने. चापट, चपराक, टप्पल, धपाटा, रट्टा, गुद्दा, बुक्की. लाथ, तुडवणं, लाथाळणं. फटका, टोला, फोकलणं, धोपटणं, सडकणं. लिहायला बसले तर पहिली दोन पानं विचारायला कुठे जावंच लागलं नाही. माझं बालपण रामनगरच्या चाळीत गेलं. तिथे सहामाहीचे निकाल लागले की संध्याकाळी प्रत्येक खोलीतून वेगवेगळा आवाज यायचा आणि आम्ही जिन्यात बसून ओळखायचो की हा पट्टा, हा लाटणं, हा नुसता हात. माझ्या भावाला वडील लाकडी पट्टीने मारत. पट्टी मोडली की नवी आणायला त्यालाच पाठवत. तो जाऊन आणायचाही, आणि येताना दुकानदाराकडून पट्टी कागदात गुंडाळून घ्यायचा, कोणी पाहू नये म्हणून. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘डोक्यात नका मारू.’ तिचं तेवढंच म्हणणं असायचं. डोकं सोडून बाकीचा मुलगा तिने देऊन टाकलेला होता.

आणि मी स्वतः? माझी मुलगी दहावीत असताना मी तिच्या कानाखाली एक अशी ठेवून दिली होती की तिची बाळी गालात रुतली. त्या शब्दाची चिठ्ठी मी केली नव्हती. नाव घालावं लागलं असतं.

खडवलीहून पुढे, नदीपलीकडे एक गाव आहे. दसऱ्यानंतरचे रविवार मी तिथे घालवायचे. सकाळी दवाने ओला असलेला बांध, कापलेल्या भाताचे बोचरे खुंट, विळ्याची खर्र-खर्र. विळा इतका धारदार की बोट कापलेलं बाईला उशिरा कळायचं. ती रक्त कपाळाला पुसायची आणि पुढची मूठ धरायची. गावाने मला नाव ठेवलं होतं, शब्दवाली बाई. त्यांच्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. सुरुवातीला लाजत. मग कळलं की मी मारायचे शब्द गोळा करते, आणि गावाला चेवच चढला.

‘लिव बाय,’ दगडूबाबा म्हणाले. हे गावातले सगळ्यात म्हातारे, तोंडात दोन दात. ‘धपाटा आयचा, रट्टा बापाचा.’

‘आनि बायकोचा काय, बाबा?’ कोणीतरी विचारलं.

‘बायकोचा नुसता डोला. त्याला शबुद कशाला पायजे?’

सगळं खळं हसलं. मीही हसले, आणि लिहून घेतलं.

चांगुणा त्या खळ्यावर शेवटच्या फळीपाशी असायची. चाळिशीची, उंच, हसली की वरचा ओठ एका बाजूला जायचा. तिच्या पेंडीचा आवाज सगळ्यांत मोठा. एका रविवारी तिने पेंडी उचलली, हात खांद्यापर्यंत नेला, तिथेच थांबली आणि पेंडी हळूच खाली ठेवली.

‘काय झालं गं?’ मी विचारलं.

‘मुका मार हाये,’ ती म्हणाली. ‘दिसत नाय. झोडनीला हात वर केला का मंग कलतो.’

मुका मार. बाहेर जखम नाही, रक्त नाही, आतून ठेचलेलं. शब्द सगळ्यांना माहीत आहे, पण कोशाला हवं होतं जिवंत वाक्य, आणि हे वाक्य इतकं नेमकं होतं की माझा हात आपोआप पर्सकडे गेला. उभ्या उभ्या गुडघ्यावर चिठ्ठी लिहिली. कोणी मारलं, कशाने, कधीपासून, यातलं मी काहीच विचारलं नाही. मी विचारलं, ‘वय किती लिहू?’

ते आठवलं की आजही मला माझ्याच पर्सने स्वतःला मारावंसं वाटतं.

आमच्या कामात एक रीत होती, परतवाचन. ज्या गावातून शब्द नेले त्या गावात परत जाऊन चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. गाव म्हणालं ‘बरोबर’, की चिठ्ठीवर लाल टिक. गाव म्हणालं ‘नाय’, की दुरुस्ती. चुकीचं काही कोशात जाऊ नये म्हणून सरांनी ही रीत घातली होती, आणि तोवर तिने फक्त भलंच केलं होतं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी शाळेच्या ओसरीवर आम्ही बसलो. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला टेकून. मी वाचायला लागले. शब्द, अर्थ, वाक्य, नाव, गाव. मग मान वर करून, ‘बरोबर?’

‘बरोबर!’ सगळं गाव एका आवाजात.

फार मजा आली. ज्याचं नाव यायचं तो मिशीला हात लावायचा, शेजारचा त्याला कोपर मारायचा. दगडूबाबांच्या धपाट्याला टाळ्या पडल्या. हजेरी घेतल्यासारखी लय लागली होती. वाचायचं, ‘बरोबर?’, ‘बरोबर!’, टिक. मी शब्द बघत होते, माणसं बघत नव्हते. त्याच लयीत पुढची चिठ्ठी आली आणि मी त्याच मोठ्या, स्वच्छ आवाजात वाचली. मुका मार. अर्थ. वाक्य. चांगुणा, वय बेचाळीस. ‘बरोबर?’

‘बरोबर!’ गाव म्हणालं.

आणि मग गावाला कळलं आपण काय म्हणालो.

मी टिक केलेली होती. पुढून तिसऱ्या ओळीत तिचा नवरा बसला होता. रुंद, शांत चेहऱ्याचा माणूस. गावाच्या भजनात मृदंग वाजवायचा. त्याने डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवून तिची घडी नीट केली, पुन्हा घातली आणि उठून गेला. भिंतीपाशी चांगुणा जमिनीकडे बघत होती. दगडूबाबा म्हणाले, ‘वाच बाय फुडं.’ मी पुढची वाचली. मी यादी अर्धवट सोडणाऱ्यातली नाही.

यादी अर्धवट सोडून तिला सोबत घेऊन निघायला हवं होतं. हे मला त्याच आठवड्यात कळलं. गुरुवारी सुट्टी टाकून मी गेले. खळ्यावर चार फळ्या वाजत होत्या, शेवटची रिकामी उभी होती, तिच्यावर कोंबडी चढून दाणे टिपत होती.

‘पडली,’ एक बाई माझ्याकडे न बघता म्हणाली. ‘भाऱ्यांच्या उडवीवरून.’

‘कधी?’

‘पडली ना बाय. हात मोडला. दवाखान्याचा कागुद हाये.’

भाताच्या भाऱ्यांची रास म्हणजे उडवी. माणसाच्या डोक्याइतकी उंच, खाली मऊ पेंढा. तिथून पडून हाडाचे दोन तुकडे होत नाहीत. तो कागद मी पुढे पाहिला, त्यावर पडल्याचं लिहून घेतलेलं होतं. सांगणारा तिचा नवरा. घराचं दार आतून लावलेलं. मी दोनदा हाक मारली. आतून भांडं सरकल्याचा आवाज आला, बस्स.

शनिवारी तो स्वतः ठाण्याला आला, पत्ता विचारत. खाली नाक्यावर कंदिलांची दुकानं लागली होती. तो वर आला, चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर बसला, पाणी प्यायला. पेला धरलेला हात मी बघत राहिले. बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोललेली होती आणि त्यावर नवी, गुलाबी धरत होती.

‘ताई, ती चिट्टी मना द्या,’ तो म्हणाला. ‘गावात माजी लाज गेली.’

‘चिठ्ठी इथून बाहेर जात नाही,’ सर म्हणाले.

‘मी तुमच्याशी नाय बोलत, मास्तर.’

माझं डोकं भांडारातल्यासारखं चाललं. हा माणूस रिकाम्या हाताने गेला तर रिकामे हात घरी जाऊन काय करतील? चिठ्ठी मिळाली तर कदाचित विषय मिटेल. मी ‘म’चा खण ओढला, चिठ्ठी काढली आणि त्याच्या हातात दिली. सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही. त्याने चिठ्ठीचे दोन तुकडे केले, चार केले, आठ केले. मग उठला आणि उघडा खणच उपसून जमिनीवर आपटला. मधे आलेल्या सरांना खांद्याने असं ढकललं की ते कपाटावर जाऊन आदळले आणि त्यांचा चष्मा खाली पडला. तो चष्म्यावर पाय देऊन, चिठ्ठ्या तुडवत गेला. जाताना चपला मात्र नीट घातल्या.

मी गुडघ्यांवर बसून चिठ्ठ्या उचलल्या. काचा वेगळ्या, चिठ्ठ्या वेगळ्या. सर भिंतीला धरून उभे होते.

‘दुसरी आहे, सर,’ मी म्हणाले. ‘डब्यात. कार्बनची.’

‘चिठ्ठी आहे हो,’ ते म्हणाले. ‘ती बाई आहे का?’

भाऊबीजेला ती माझ्या दारात उभी होती. त्या एका दिवशी कोणत्याही नवऱ्याला बायकोला माहेरी जाऊ द्यावं लागतं. कल्याणजवळच्या एका गावात तिचा भाऊ राहत होता. त्याला घेऊन ती डोंबिवलीत माझं घर शोधत आलेली. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात ओढणीची झोळी. डोळ्याखाली पिवळं-हिरवं. हा मुका नव्हता, हा दिसत होता.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात आडवा केला.

‘चिट्टी फाडून आलो म्हनला तो,’ ती म्हणाली. ‘खरा हाये?’

‘हो. मीच दिली.’

‘मंग संपलाच.’

मी डबा आणला. कार्बनची निळी, थोडी पुसट प्रत तिच्यासमोर ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. ‘वाच,’ ती म्हणाली. मी वाचलं. या वेळी हळू.

‘तारीक हाये?’

‘आहे.’

‘मी पडले त्याच्या आदीची?’

‘आधीची. आठ दिवस आधीची.’

तिने निळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. भावाने फराळाची ताटली बाजूला सारली. मग ती म्हणाली, ‘मंग मी पडले नाय.’

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आम्ही तिघं गेलो. हवालदाराने चिठ्ठी उलटसुलट केली. ‘हे काय, बाई? शब्दकोडं?’

‘शब्दकोशाची नोंद आहे. वाचा.’

त्याने वाचली. चेहरा थोडा बदलला. ‘हे तुमच्याच हातचं. साक्षीदार कोण?’

‘अख्खं गाव. बरोबर म्हणालंय.’

‘गाव येईल का इथे?’

गाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ओसरीवरच्या एकेकाच्या दाराशी गेले. कोणाला शेत होतं, कोणाला ताप होता, कोणाला काहीच आठवत नव्हतं. ज्यांनी एका आवाजात उत्तर दिलं होतं त्यांच्या घरातून आता वेगवेगळी कारणं बाहेर येत होती. मला त्यांची चीड आली. मग माझी आई आठवली, ‘डोक्यात नका मारू’ म्हणणारी, आणि जिन्यात बसून आवाज ओळखणारी आम्ही मुलं. मी पुढचं दार वाजवलं. शेवटच्या दारात दगडूबाबा धोतर नेसून, काठी घेऊन तयार बसले होते.

‘बाबा, तुम्ही येता?’

‘मी व्हय म्हनलेलो ना?’ ते म्हणाले. ‘तुनी टिकली मारलीस. आता नाय कसा म्हनू?’

तक्रार लिहून घेतली गेली. पुढे जे होतं तेच झालं. तारखा, पुढच्या तारखा, समजूत घालायला येणारी माणसं, एकदा भावाच्या दारावर दगड. नवरा काही दिवस आत होता, मग बाहेर. पण चांगुणा परत गेली नाही. भावाजवळ राहिली, एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. सरांनी नवा चष्मा करून घेतला आणि नियमात एक ओळ घातली. परतवाचनाच्या आधी बोलणाऱ्याला एकट्याने गाठून विचारायचं, नाव वाचू का? ती ओळ माझ्या अक्षरात भिंतीवर लावलेली आहे. त्याच आठवड्यात मी मुलीला विचारलं आणि कानाखालच्या त्या शब्दाची चिठ्ठी माझ्या नावाने केली. मुलगी म्हणाली, ‘वाक्य मी सांगते, तू लिही.’ तिने सांगितलं. मी जसंच्या तसं लिहिलं.

कोश सावकाश चालतो. ‘म’पर्यंत यायला इतकी वर्षं गेली. गेल्या आठवड्यात तपासणीची छापील पानं आली. सगळ्या मारांच्या मधे मुका मार, अर्थ, आणि तिचं वाक्य. नाव, गाव, तारीख. मी पेन्सिलने एकेक अक्षर तपासलं आणि तिला फोन लावला. शाळेची जेवणाची वेळ असावी, मागे पातेली आदळत होती.

‘छापून आलंय,’ मी म्हणाले. ‘वाचू का? नाव राहू दे ना?’

‘वाच. नाव कशाला काडतेस?’

मी वाचलं. मग नियमाप्रमाणे विचारलं, ‘बरोबर?’

पलीकडे कोणीतरी तिला वरण मागत होतं.

‘तवा बरोबर,’ ती म्हणाली. ‘आता नाय. रविवारी भावाच्या खल्यावर गेलेली मी. दोनी हात वर जातात.’

‘अगं, पण जुनी नोंद बदलता येत नाही.’

‘बदल कोन बोलला? दुसरी कर. चिट्ट्या संपल्या का तुज्या?’

नव्हत्या संपल्या. पर्समध्ये कोऱ्या चिठ्ठ्यांची गड्डी असतेच. मी एक काढली, खाली कार्बन सरकवला.

‘शब्द कोणता लिहू, चांगुणा?’

‘ता तू बग. तुजा काम हाये,’ ती म्हणाली, आणि पातेल्यांकडे तोंड करून कोणावर तरी ओरडली, मोठ्याने, पोटातून.

शब्दाची जागा मी कोरी ठेवली. आधी तारीख घातली.